पेन्सिलीआधी माती

प्रति,
बालविकास प्रकल्प अधिकारी,
एकात्मिक बालविकास सेवा योजना,
शहापूर आणि मुरबाड, जि. ठाणे



पावसाळा तोंडावर आला आहे. पाड्यापाड्यांवर आगोटीची कामं चालली आहेत आणि तीन वर्षं पूर्ण झालेली नवी मुलं आता अंगणवाडीत येऊन बसू लागतील. हे पत्र आत्ताच लिहायचं कारण असं, की वर्षभर त्या मुलांच्या हातात काय पडणार हे बरंचसं आपल्यावर अवलंबून आहे. भेटीला आल्यावर आपण आणि पर्यवेक्षिका काय उघडून बघता, हे सेविका नेमकं हेरतात आणि दिवसाची आखणी त्याप्रमाणे करतात. आपण वही मागितलीत तर वही भरली जाते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अनेक वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. अंगणवाडीतून निघालेलं मूल जिच्यासमोर येऊन बसतं, ती मी. म्हणून माझी मागणी एकच आणि सरळ आहे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या भरलेल्या वह्या तपासणं बंद करा. त्याऐवजी मुलांच्या हातांना रोज काय काम मिळतं ते बघा.

पहिलीत अशी मुलं येत, की ज्यांच्या वहीत एकपासून पन्नासपर्यंतचे आकडे ओळीत लिहिलेले असत. त्यांना म्हटलं, ‘बाळा, सात खडे घेऊन ये,’ की ती ओंजळभर खडे आणत. आकडा हाताला पाठ होता, पण सात म्हणजे किती ते डोक्यात उतरलेलं नव्हतं. आणि त्याच वर्गात एखादी कातकरी मुलगी असे, जिनं पेन्सिल कधी धरलेली नसे. ती चिंचोक्यांच्या डावात पाच चिंचोके पडले की न मोजता पाच म्हणे. त्या वर्गात गणित कुणाला जास्त येत होतं, हे वही बघून कळलं नसतं.

शरीराचीही एक बाजू आहे आणि ती पालकांना समजावून सांगण्यासारखी आहे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली निम्मीही पक्की झालेली नसतात, बाकीची अजून कूर्चेचीच असतात. अशा हाताला दुरेघी वहीत ‘अ’ गिरवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा वर उचलतं, जीभ बाहेर काढतं आणि दोन ओळींत दमतं. त्याच हाताला मातीचा गोळा दिला तर तो अर्धा तास मळत बसतो. मळणं, पिळणं, चिमटीत धरणं, ओवणं, वळणं, टोचणं यातूनच बोटांत पुढे अक्षर काढायचं बळ येतं.

हे काही मी नव्यानं सांगत नाही. हे काम आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी डहाणूची बोर्डी आणि कोसबाड शहापूर-मुरबाडच्याच ठाणे जिल्ह्यात होती. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या, मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार काढला होता. शहरातलं ते चांगलं चाललेलं काम सोडून त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या. गावातली गरीब वस्तीची मुलं बालवाडीकडे येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. पुढे पन्नाशीच्या दशकात केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथली मुलं गुरांमागे रानात जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. कुरणशाळा ती हीच. देशभर १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्याच्या तीस वर्षं आधी आपल्या जिल्ह्यात अंगणात बसून मुलं शिकत होती.

ताराबाईंचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते साधनांबाबत. मारिया माँटेसरीनं १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं, तेव्हा मुलांच्या हातासाठी लाकडी ठोकळे, दट्टे, मणी अशी नेमकी मापं असलेली साधनं तयार केली. ती महाग, आणि गावात कुठून यायची? ताराबाईंनी साधनामागचा विचार धरला आणि साधन गावातलं घेतलं. पानं, बिया, शिंपले, खडे, बांबू. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे मुलाच्या बोटांना कळायला हवं. ते सागाच्या पानानं कळलं काय नि पॉलिश केलेल्या लाकडानं कळलं काय. पुढे अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल सुरू केलं. आज वाड्याच्या सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था अंगणवाड्यांबरोबर काम करते आहे. कसारा-खर्डीहून हे सगळं एका दिवसात जाऊन बघून येण्याजोग्या अंतरावर आहे. आपल्या सेविकांना तिथं नेऊन आणा, ही विनंती इथंच करून ठेवते.

आता आपल्या दोन तालुक्यांविषयी. इथं साधनं विकत घ्यावी लागत नाहीत, पण ती कधी मिळतात हे ठाऊक असावं लागतं. वरून येणारं उपक्रमांचं वेळापत्रक सगळीकडे सारखं असतं. त्यात पाण्याचे खेळ एप्रिलमध्ये येतात. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत, मुंबई त्यांचं पाणी पिते, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातले किती तरी पाडे टँकरची वाट बघत असतात. ज्या मुलाची आई दोन हंड्यांसाठी डोंगर उतरते, त्याच्यासमोर टबात पाणी ओतून खेळायला सांगणं बरोबर नाही. पाण्याचा खेळ जुलैचा. पागोळ्या गळत असताना ओसरीच्या कडेनं डबा, तांब्या, करवंटी, फुटका माठ मांडून ठेवा. आधी काय भरतं? भरत आल्यावर आवाज कसा बदलतो? करवंटीनं तांब्या भरायला किती खेपा लागतात? एवढ्या तीन प्रश्नांवर तीन-चार सकाळी सहज जातात.

पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाला कोवळी पानं असतात. तळहातावर चोळली की हात लालभडक होतो. मुलं हे घरीही करतात, अंगणवाडीत फक्त पुढचं पाऊल टाकायचं: तो हात कागदावर, भिंतीवर, कापडावर उमटवायचा, कुणाचा पंजा मोठा नि कुणाचा लहान ते लावून बघायचं. पळसाला पानं तीनच ही म्हण आपण मोठी माणसं नुसती म्हणतो. इथल्या मुलाला ती देठ हातात घेऊन पडताळून बघता येते. एका देठाला तीन, दोन देठांना किती? चार वर्षांचं मूल बोटं लावून सहा म्हणतं आणि त्याला कुणी पाढा शिकवलेला नसतो. वारुळाची माती चिकट असते, भेगाळत नाही, म्हणून पोळ्याचे बैल तिचेच करावेत. मात्र जागतं वारूळ फोडायला मुलांना पाठवू नये. माती मदतनीसबाईंनी किंवा एखाद्या आजोबांनी आणून द्यावी. श्रावणात तेरडा फुलतो, रंगांनुसार फुलं निवडून मांडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

कापणीनंतर खळ्यावर जे मिळतं ते तर दुकानातल्या कुठल्याच संचात मिळणार नाही. भात, तूस, पेंढा, सूप, मापटं, पायली. मुलांनी सूप धरून पाखडायचा प्रयत्न करावा, पेंढ्याची दोरी वळावी, एका करवंटीत भात आणि एकीत तूस भरून कुठलं जड ते हातावर तोलावं. दोन्ही करवंट्या सारख्याच भरलेल्या दिसतात आणि एक जड लागते, यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरते. मुरबाडचं बहुतेक मूल कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर बसून ती बघून येतं. मुलं परत आली की आठवडाभर अंगणवाडीत जत्राच भरू द्या. एक घोंगड्यांचं दुकान, एक खाऊचं, एक बैल विकणारा, एक घेणारा. पानांचे पैसे. घासाघीस करताना मुलं जेवढी लांब वाक्यं बोलतात तेवढी तक्त्यावरची चित्रं ओळखताना कधीच बोलत नाहीत. फाल्गुनात पळसाची फुलं पाण्यात भिजवून रंग, चैत्रात मोहाची फुलं, उन्हाळ्यात चिंचोके, कारवीच्या काठ्यांचे लहान-मोठे तुकडे. बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की कुंचला होतो, तांदळाचं पीठ भिजवलं की पांढरा रंग, गेरूचा तांबडा.

इथं एक सूचना मात्र सगळ्या सेविकांना लेखी जायला हवी. रानातलं सगळं मुलांच्या हातात देण्यासारखं नसतं. गुंजा दिसायला सुंदर, मणी म्हणून ओवाव्यात अशा, पण विषारी. एरंडाच्या बिया, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या विषारी. गौरीच्या दिवसांत फुलणारी कळलावी विषारी. आणि चिंचोका किंवा वालाचा दाणासुद्धा लहान मूल नाकात घालतं किंवा गिळतं, म्हणून बिया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, आणि अंगणवाडीत आईबरोबर आलेलं तीन वर्षांखालचं भावंड असेल तर त्या दिवशी बिया काढायच्याच नाहीत. परत घेताना मोजणं हेही मुलांनीच करावं. त्यांचं गणित तिथंच होतं.

पण वस्तू हातात दिली म्हणजे शिक्षण झालं, असं मी म्हणत नाही. या विषयावर बोलणारी पुष्कळ माणसं इथंच थांबतात आणि मग टोपलीभर पानं एका कोपऱ्यात सुकत पडतात. मुलाच्या हातात वस्तू असताना शेजारी बसून त्याच्याशी बोलणारं कुणी लागतं. ‘छान केलंस’ म्हणून पुढे जाणारी सेविका आणि ‘हे मोठं पान खाली का ठेवलंस?’ असं विचारून उत्तरासाठी थांबणारी सेविका, या दोघींच्या वर्गांत वर्षअखेरीस फार फरक पडलेला असतो. मुलाचं उत्तर ठाकरीत येईल, कातकरीत येईल. ते तसंच घ्यावं, त्याच्या शब्दाला दुरुस्त न करता आपला शब्द शेजारी ठेवावा. दोन-तीन महिन्यांत मूल दोन्ही शब्द वापरायला लागतं. उलट, पहिल्याच दिवशी त्याचा शब्द चुकीचा ठरवला तर ते गप्प होतं, आणि गप्प झालेलं मूल पहिलीत माझ्यापुढे वर्षभर गप्पच बसलेलं मी पाहिलं आहे.

हे सगळं ऐकून आपण म्हणाल, पालक मानत नाहीत. ते खरं आहे. आसनगाव, वासिंद, मुरबाड, सरळगाव, किन्हवली, कुठेही बघा, इंग्रजी नावाच्या नर्सरी निघाल्या आहेत, त्यांची गाडी गावात येते, टाय लावलेलं मूल घेऊन जाते. जी आई मोलमजुरीच्या पैशातून ती फी भरते ती मूर्ख नाही. तिला भीती आहे की आपलं पोर मागे पडेल, आणि शिक्षण चाललं आहे याची तिला दिसणारी एकच खूण म्हणजे भरलेली वही. त्या आईला भाषण देऊन उपयोग नाही. महिन्यातून एकदा तिला अंगणवाडीत बोलवा आणि मुलांबरोबर बसवून करवंटीनं मापटं भरायला लावा. मग तिच्या मुलानं दिलेली उत्तरं तिच्यासमोरच लिहून भिंतीवर लावा, मुलाच्या नावासकट. माझा अनुभव असा, की आई त्या कागदापाशी वहीपेक्षा जास्त वेळ उभी राहते.

कागदावर सरकारही आता हेच सांगतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यात खेळ हाच शिकण्याचा मार्ग म्हटला आहे. २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच आला आणि त्याच वर्षी ‘पोषण भी, पढाई भी’ या नावानं सेविकांचं प्रशिक्षण जाहीर झालं. आपल्या राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम त्याच्याही आधीचा. म्हणजे मी मागते आहे त्याला धोरणाचा विरोध कुठेच नाही. अडचण आहे ती सेविकेच्या सकाळच्या वेळेची.

तिची सकाळ आठवून बघा. हजेरी, आहार, वजन, उंची, पोषण ट्रॅकरवरची नोंद, फोटो, नेट मिळत नाही म्हणून टेकाडावर जाऊन पुन्हा नोंद. आदिवासी पाड्यांत अमृत आहाराचं काम. त्यातच व्हॉट्सअॅपवर ‘माहिती तातडीने पाठवा’. मधेच कुणाच्या तरी सुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप. एवढ्यातून तीस मुलांशी बोलायला ती केव्हा बसणार? म्हणून ती वह्या वाटते. वह्या दिल्या की मुलं शांत बसतात आणि तिची फोनवरची नोंद भरून होते. तिला दोष देण्याआधी आपण तो वेळ तिला द्यायला हवा. सकाळचे दोन तास असे ठेवा की प्रकल्प कार्यालयातून, पंचायत समितीतून, कुठूनही तिला फोन येणार नाही आणि माहिती मागितली जाणार नाही. हे आदेशानं होतं, त्याला पैसे लागत नाहीत.

पैसे थोडे लागतात ते दुसऱ्या कामाला: टोपल्या, सुपं, चाळणी, सुतळी, गेरू, दोन बादल्या. याची बिलं बाजारातल्या बुरडाकडून मिळत नाहीत. म्हणून सेविका स्वतःच्या मानधनातून खर्च करते किंवा करतच नाही. गावच्या बुरडाची टोपली बिलाशिवाय, सरपंचाच्या सहीवर चालेल अशी तरतूद करून घ्या. आणि दिलेलं साहित्य फुटलं, हरवलं तर जबाब मागू नका. काही ठिकाणी संच कपाटात नव्यासारखा राहतो, कारण तुटला तर आपल्या गळ्याशी येईल अशी धास्ती असते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, जिच्याकडे आपलं लक्ष मला सगळ्यात जास्त हवं आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, त्याहूनही लांब. पाऊस लागायच्या सुमारास परततात. म्हणजे वर वर्णन केलेलं खळं, जत्रा, पळस, मोह यातलं काहीच त्या मुलांच्या वाट्याला येत नाही. ती दिवसभर चिखलातच असतात, विटा थापणाऱ्या आईच्या पाठीशी, पण त्यांच्याशी बोलायला कुणाला फुरसत नसते. स्थलांतरित मुलाची नोंद जिथं ते गेलं तिथल्या अंगणवाडीत करता येते, आहारही देता येतो. पण भट्टी गावाबाहेर असते, आणि आहाराचं पाकीट घेऊन गेलेली सेविका परत येते, तिथं बसत नाही. विधायक संसद या संस्थेनं पूर्वी याच जिल्ह्यात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या होत्या. विटांच्या कच्च्या भोंग्यात बसून मुलं शिकत. ते काम शाळेच्या वयाच्या मुलांसाठी होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तसंच काही आपल्याला का करता येऊ नये? मातीचा ढीग तिथं आयता आहे. एक मदतनीस, एक चटई, सावलीला ताडपत्री आणि रोजचे दोन तास. दिवाळीनंतर निघणाऱ्या कुटुंबांची यादी आपल्या सेविकांना तोंडपाठ असते. ती ऑक्टोबरमध्येच भिवंडी-कल्याणच्या प्रकल्प अधिकाऱ्यांच्या हाती गेली, तर नोव्हेंबरात मुलं पोचायच्या आत तिथं कुणी बसलेलं असू शकतं. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढणं जर त्या काळात जमलं, तर हेही जमेल.

शेवटी बीट बैठकीबद्दल. महिन्याच्या बैठकीत आज सगळा वेळ अहवाल जुळवण्यात जातो. त्यातला एक तास करण्याला द्या. सेविकांनी त्या ऋतूतलं साहित्य आपापल्या पाड्यावरून आणावं, जमिनीवर मांडावं, एकीनं मूल व्हावं, एकीनं प्रश्न विचारावे. डोळखांबच्या सेविकेला जे सुचतं ते टोकावड्याच्या सेविकेला सुचलेलं नसतं, आणि दोघींनाही प्रशिक्षणाच्या सरकारी फिल्मपेक्षा एकमेकींचं जास्त पटतं. आजोबा-आज्यांनाही अधूनमधून बोलवावं: टोपली विणणारे, बासरी करणारे, वारली-ठाकरी चौक लिहिणाऱ्या बायका.

श्रावणाच्या आधीच्या बैठकीला आपण परवानगी दिलीत तर मी येईन. चार टोपल्या, वारुळाची भिजवलेली माती आणि पळसाचे देठ माझ्याकडून. आपण आणि पर्यवेक्षिकांनी फक्त तासभर खाली जमिनीवर बसावं.

आपली,
पहिलीच्या वर्गाची एक निवृत्त शिक्षिका
ता. शहापूर